गोल्डन ड्रॅगनमधलं तिरफळ

हॉटेलात आयुष्य काढलेल्या बाईला जेवायला हॉटेलातच न्यायचं, हा बेत घरी कुणालाच पटला नव्हता. नवरा म्हणाला, "म्हणजे उद्या तुला कोणी निवृत्तीची भेट म्हणून विम्याची पॉलिसी दिली तर?" तरी मी माझ्या मैत्रिणीला, नंदूला, तिच्या निवृत्तीनिमित्त नेलंच. त्याला कारण होतं.

माझी निवृत्ती तिच्या आधीची. एलआयसीतला आमचा निरोप समारंभ ठरलेला असतो: शाल, श्रीफळ, समोसा, वेफर्स, पेढा आणि साहेबांचं भाषण. नंदू हॉटेल मॅनेजमेंट शिकवायची. तिच्या निरोपाला तिच्या पोरांनी सात कोर्सचं जेवण केलं. मेन्यू छापला, नॅपकिनच्या घड्या घातल्या, मधल्या खुर्चीवर तिच्या नावाचं कार्ड ठेवलं. आणि बाईसाहेब पूर्ण वेळ किचनच्या दाराशी उभ्या! कोणता स्टुअर्ड (म्हणजे वाढणारा) कोणत्या हाताने प्लेट धरतो, सूप किती वेळ खिडकीत पडून राहतं, हेच बघत. तिच्या कार्डासमोरची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. हे तिने मला फोनवर हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. तेव्हाच ठरवलं, हिला एकदा बसवून खायला घालायचं, आणि तेही जिथे उठून आत जाता येणार नाही अशा जागी.

जागा मात्र तिने निवडली. हल्लीच्या टेस्टिंग मेन्यूवाल्या रेस्टॉरंटांची दोन-तीन नावं मी काढून ठेवली होती. तिने एका दमात सगळी नाकारली. "मला प्रत्येक कोर्सबरोबर पाच मिनिटांचं भाषण नको. मी तेच शिकवत होते." मग म्हणाली, "ताज. गोल्डन ड्रॅगन." म्हणजे तिथलं चिनी रेस्टॉरंट. ट्रेनिंगच्या काळात तिच्या बॅचची निम्मी पोरं ताजमध्ये लागली होती, तिला दुसरीकडे पाठवलं होतं. पुढे शिकवायला लागेपर्यंतची सगळी वर्षं दुसऱ्याच साखळीच्या हॉटेलात गेली. त्यामुळे कुलाब्याच्या ताजमध्ये ती सेमिनारला गेली होती, ओळखीच्यांना भेटायला मागच्या दाराने गेली होती, पण टेबलावर बसून जेवली कधीच नव्हती.

नंदूचं थोडं सांगायला हवं. आम्ही गिरगावातल्या. बारावीनंतर मी मुकाट्याने कॉमर्सला गेले आणि हिने दादरच्या केटरिंग कॉलेजचा फॉर्म भरला. सावरकर मार्गावरचं ते कॉलेज आजही तिथेच आहे. १९५४ साली लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने सुरू झालेली ही संस्था, म्हणजे बायकांनीच उभी केलेली. पण हे आमच्या गिरगावच्या मुगभाटातल्या कोणाला माहीत असणार? तिच्या वडिलांच्या डोक्यात हॉटेल म्हणजे फडकं मारणारा पोऱ्या. "शिकून सवरून लोकांच्या उष्ट्या बशा उचलणार का?" असं ते माझ्यासमोर म्हणाले होते. आई नातेवाइकांना नुसतं "ट्रेनिंग घेतेय" एवढंच सांगायची, कशाचं ते नाही. बरं, तिथे गेलेल्या मुलींनी फार तर रिसेप्शनला उभं राहावं किंवा हाउसकीपिंग बघावं, असा रिवाज. नंदूने हट्टाने एफ अँड बी सर्व्हिस घेतली, म्हणजे नेमकं तेच, बशा मांडणं आणि उचलणं. पुढे ब्रेक शिफ्ट आली. दुपारचं जेवण उरकलं की तीन-चार तास सुट्टी आणि संध्याकाळी पुन्हा हजर. त्या मधल्या वेळात घरी जाऊन येणं परवडत नाही आणि हॉटेलात बसायला जागा नसते. वर्षानुवर्षं ती दुपार तिने लॉकर रूममध्ये, एका बाकावर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन काढली. लग्नाच्या बाजारात या नोकरीचं काय झालं तो वेगळा विषय आहे, तिची परवानगी घेऊन कधीतरी लिहीन.

फोनवर टेबल राखताना पलीकडच्या मुलीने विचारलं, "काही विशेष प्रसंग आहे का?" मी भाबडेपणाने मैत्रिणीची निवृत्ती सांगून टाकली. नंदूला कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. "आता शेवटी प्लेटवर चॉकलेटने काहीतरी लिहून आणणार. आणि गेस्ट हिस्टरीत कायमची नोंद." शिवाय एक अट घातली: मी या धंद्यातली आहे हे अजिबात बोलायचं नाही. "कळलं की ती पोरं अवघडतात. साधं पाणी ओततानाही हात थरथरतो."

चर्चगेटला भेटलो, टॅक्सीने गेटवेपाशी उतरलो. मी नोकरीची सगळी वर्षं नरिमन पॉइंटला काढली. पाहुण्यांना एलिफंटाच्या लाँचमध्ये बसवायला इथे असंख्य वेळा आले असेन. ताज बघायचा तो समुद्राला पाठ करून, रस्त्याच्या पलीकडून. तिथे उभं राहून मी पाहुण्यांना एक गोष्ट हमखास सांगायचे: इंग्रज आर्किटेक्टने नकाशे दिले, परत येऊन बघतो तर इमारत उलटी बांधलेली, म्हणून त्याने जीव दिला. नंदू म्हणाली, "कसला इंग्रज? मूळ आर्किटेक्ट सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य काम पूर्ण व्हायच्या आत वारले, तेही आजाराने. मग चेंबर्स नावाच्या इंग्रज इंजिनिअरने पुरं केलं." १९०३ च्या डिसेंबरात हॉटेल उघडलं तेव्हा समोर गेटवे नव्हताच, तो १९२४ चा. इतकी वर्षं आपल्या वैद्यांचं श्रेय मी एका काल्पनिक गोऱ्याला वाटत होते म्हणायचं.

आत शिरल्यावर २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात गेलेल्यांची नावं कोरलेला स्मृतिफलक आहे. नंदू तिथे थांबली, नावं वाचली, त्यातल्या काहींपाशी जास्त वेळ. हा धंदा लहान असतो, सगळे एकमेकांना ओळखतात. मी काही विचारलं नाही.

गोल्डन ड्रॅगनचं महत्त्व तिने मला टेबलावर बसल्यावर समजावलं. त्याआधी मुंबईत चिनी जेवण म्हणजे नानकिंग, कामलिंग ही रेस्टॉरंटं. कँटोनीज पद्धतीचं, सौम्य, आल्या-लसणाचा हलका वास असलेलं. सत्तरच्या दशकात ताजच्या कॅमेलिया पंजाबी यांनी सिचुआन (आपण त्याचं शेजवान केलं) प्रांताचं तिखट जेवण इथे आणलं आणि मुंबईकरांना चटक लागली. चटकेचं पुढे काय झालं ते आपल्या प्रत्येक नाक्यावर दिसतं. डोंबिवलीत माझ्या घराखाली शेजवान डोसा मिळतो, शेजवान फ्रँकी मिळते, आणि श्रावणात एकाने शेजवान साबुदाणा वडा लावला होता. मंचुरियन तर त्याहून आपलं. १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये नेल्सन वाँग या शेफने पहिल्यांदा केलं असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला फोडणीचा ऐवज, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. चीनमध्ये जाऊन मंचुरियन मागितलं तर कोणाला कळणार नाही.

हे सगळं ती सांगत होती खरी, पण डोळे माझ्याकडे नव्हते. आधी तिने ग्लास किंचित तिरका करून उजेडाकडे धरला. मग टेबलक्लॉथची घडी कुठल्या दिशेने पडलीय ते पाहिलं. बाजूच्या टेबलावर चहा आला तेव्हा किटलीची चोच पाहुण्याच्या दिशेला नाही ना, हे तपासलं. मी म्हटलं, "नंदे, तू जेवायला आलीयस की इन्स्पेक्शनला?" ती म्हणाली, "बघ ना, तो मधला मुलगा. रिकाम्या हाताने एकदाही आत जात नाहीये." मी बघितलं. खरंच, बाहेर काही ठेवायला आला की परत जाताना कुठून तरी काही उचलून न्यायचाच. त्यानंतर मला तेच दिसायला लागलं. इतका वेळ मी झुंबर-बिंबर बघत होते. कोण कुठे उभं आहे, नजर कशी फिरते, पाणी अर्ध्याखाली जायच्या आत कोण हलतं, याचं एक वेगळंच नाटक तिथे चाललं होतं, आणि ते कोणाला दिसू नये यासाठीच सगळी मेहनत.

मी सवयीने डिमसमच्या रिकाम्या बश्या एकात एक घालायला गेले. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "राहू दे. त्याला उचलायची पद्धत शिकवलेली असते, तू रचलेला ढीग त्याला आधी सोडवावा लागेल." डिमसम सुरेख होते, कोळंबीचे. पारी इतकी पातळ की आतला गुलाबी रंग दिसत होता. पण नंदूकडे बघण्यात मला जास्त मजा येत होती. वाढणारा डाव्या बाजूने आला की ती उजवीकडे किंचित कलायची. तो दिसण्याच्या आधी! पाठीमागून येणाऱ्याची चाहूल तिला लागायची आणि खांदा आपोआप बाजूला व्हायचा, जेमतेम दोन बोटं. गप्पा चालूच, वाक्यसुद्धा तुटायचं नाही. बाकी सगळे पाहुणे मध्येच दचकून "ओह सॉरी" म्हणत होते.

यानेच घात केला. कॅप्टन, पन्नाशीचा असावा, दोनदा आमच्या टेबलाशी रेंगाळला आणि अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, विचारलं तर चालेल का? आपण इंडस्ट्रीत होतात?" नंदूने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच चुगली केली. मग दोघांचं सुरू झालं. कोणती बॅच, तेव्हा कोण होतं, अमका आता कुठे. तमका दुबईला, तमकीने बेकरी टाकली. मी सूप संपवलं, छान गरम आणि आंबट-तिखट होतं, त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

मग ती डिश आली. मोठ्या पसरट भांड्यात सुक्या लाल मिरच्यांचा ढीग आणि त्यात लपलेले चिकनचे लहान लहान कुरकुरीत तुकडे. मिरच्या खायच्या नाहीत, त्यातून चिकन हुडकायचं. मी एक तुकडा तोंडात टाकला. आधी तिखट. ते अपेक्षितच होतं, मी वेंगुर्ल्याची लेक, मला मिरचीचं कौतुक नाही. पण मागून दुसरंच काही आलं. जिभेच्या टोकावर बारीक मुंग्या, मग ओठांवर, आणि नाकात लिंबाच्या सालीसारखा वास. पाण्याचा घोट घेतला तर पाणीच किंचित खारट-आंबट लागलं. जीभ ओळखत होती, डोकं ओळखत नव्हतं. दुसरा तुकडा खाल्ला. तिसऱ्याला मी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि मोठ्याने म्हणाले, "अगं, हे तर तिरफळ!"

नंदू गिरगावातली असली तरी मुळची देशावरची. तिला तिरफळ, हा आमचा कोकणातला मसाला, फक्त ऐकून माहीत. पण आमच्या टेबलाशी उभा असलेला तो स्टुअर्ड, जो इतका वेळ मोजून-मापून इंग्रजी बोलत होता, तो एकदम वळला. "मॅडम, आमच्याकडे बांगड्यात घालतात!"

"तुमच्याकडे म्हणजे?"

"कणकवली."

झालं. पुढची पाच मिनिटं त्या पोराचं इंग्रजी गेलं ते परत आलं नाही. मी सांगितलं, माझी आई बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं वाटणात कधीच घालायची नाही, कडू होतं. बी काढून टाकायची, टरफल नुसतं ठेचायचं आणि शेवटी शेवटी सोडायचं. तो म्हणाला, त्याच्या आजीचंही तेच. मग तो आत गेला आणि एका चिमुकल्या बशीत शेफकडून त्या डिशमधल्या सिचुआन मिरीचे चार दाणे घेऊन आला. तांबूस, उकललेली, तोंड वासलेली टरफलं. आमच्या तिरफळापेक्षा लहान आणि रंगाने लाल. तिरफळ वाळल्यावर काळपट-तपकिरी होतं, आकाराने वाटाण्याच्या आसपास. पण घडण तीच. आतलं काळंभोर चकचकीत बी फेकायचं आणि साल ठेवायची, हेही तेच. मी एक दाणा पुढच्या दातांनी चावला आणि मिनिटभर मला स्वतःचा खालचा ओठ कुठे आहे ते कळेना.

शिकवणाऱ्या बाईंनी अर्थातच पुढचं सांगितलं. दोन्ही झाडं एकाच वंशातली (जीनस), झँथोझायलम. नावात मिरी असली तरी काळ्या मिरीशी याचा संबंध नाही, हे लिंबाच्या घराण्यातलं. म्हणून तो सालीचा वास. मुंग्या आणणाऱ्या द्रव्याला सांशूल म्हणतात; ते तिखट नसतंच, जिभेच्या स्पर्शाच्या नसांना फसवतं. म्हणून काहीतरी थरथरतंय असं वाटतं. आणि तिने आणखी एक गोष्ट सांगितली जी माझ्या डोक्यातून अजून जात नाही. लाल मिरची सिचुआनलाही बाहेरूनच आली आणि कोकणालाही, अमेरिका खंडातून, सोळाव्या शतकापासून पुढे. त्याआधी दोन्हीकडे हे फळ होतंच. म्हणजे माझ्या खापरपणजीच्या कितीतरी पणज्यांनी बांगड्याला तिरफळ लावलं असेल तेव्हा मिरचीचा पत्ता नव्हता. आणि तिकडे हजारो मैलांवर कोणीतरी बाई तिच्या भांड्यात त्याचंच चुलतभावंड टाकत होती. दोघींना एकमेकींची खबर नाही.

गंमत अशी की आपल्या नाक्यावरच्या शेजवान चटणीत ही मिरी शोधून सापडत नाही. लाल मिरची, लसूण, व्हिनेगर, साखर. जिच्यामुळे त्या प्रांताचं जेवण ओळखलं जातं तीच वाटेत गळाली. मी नंदूला म्हटलं, आपल्या भागात कोणीतरी तिरफळ घालून शेजवान चटणी करायला हवी होती, कच्चा माल दाराशी होता. ती म्हणाली, "तिरफळाच्या झाडाला काटे किती असतात माहितीय ना? काढणार कोण?" ते खरं. आमच्या आजोळच्या परड्यातलं झाड बुंध्यापासून काटेरी आहे, आणि फळं काढणाऱ्या गड्याची मजुरी काढली तर तिरफळ वेलचीच्या भावाने पडेल.

गोडात खजुराचं पॅनकेक आणि आइस्क्रीम मागवलं. त्याबरोबर, भाकीत केल्याप्रमाणे, चॉकलेटने 'हॅपी रिटायरमेंट' लिहिलेली प्लेट आली. नंदू गप्प. मला वाटलं आता अक्षराच्या वळणावर टीका येणार. तिने त्या प्लेटचा फोटो काढला, तीनदा, आणि तिथल्या तिथे मुलीला पाठवला.

बिलाचा आकडा लिहीत नाही, आई वाचते हा ब्लॉग. आमच्या दोघांच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढा होता, एवढं पुरे. विम्यातली सवय, मी प्रत्येक ओळ वाचली. अठरा टक्के जीएसटी. खाली उडप्याकडे पाच लागतो, इथे अठरा, कारण ज्या हॉटेलातल्या खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर, तिथल्या रेस्टॉरंटलाही तोच दर. मी खोली कुठे घेतली होती? नंदू म्हणाली, "भांडू नकोस, भर." टिपेच्या बाबतीत मात्र तिने मला थांबवलं. मी त्या कणकवलीच्या मुलाच्या हातात वेगळे पैसे ठेवणार होते. बहुतेक हॉटेलांत टिप एकत्र जमते, म्हणाली, आणि हुद्द्याप्रमाणे पॉइंट लावून वाटली जाते. त्यात भांडी घासणाऱ्यालाही वाटा असावा, नाहीतर किचनच्या आतले आणि बाहेरचे यांच्यात युद्ध होतं. "त्याचं भलं करायचंय ना? मग ते कार्ड आण." फीडबॅकच्या कार्डावर मी 'सर्व्हिस उत्तम' लिहायला घेतलं तर तिने पेन काढून घेतलं. 'सर्व्हिस उत्तम' याने कोणाचंच काही होत नाही. नाव लिहायचं, तारीख लिहायची, आणि त्याने नेमकं काय केलं ते लिहायचं. सकाळच्या ब्रिफिंगमध्ये ते मोठ्याने वाचलं जातं आणि अप्रेझलच्या वेळी फाइलमध्ये सापडतं. तिने कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्या, समासातसुद्धा लिहिलं. आयुष्यभर अशी कार्डं वाचलेली बाई पहिल्यांदाच एक लिहीत होती, आणि मला वाटतं अख्ख्या जेवणात ती सगळ्यात निवांत तेव्हाच बसली.

बाहेर पडल्यावर ऊन उतरलेलं. ती म्हणाली, पुढचं जेवण माझ्याकडे. मी म्हटलं, मुळीच नाही. तुझ्याकडे आले की तू उभीच राहशील. तूच डोंबिवलीला ये, रविवारी ताजे बांगडे आणते, तिखलं करते, आणि त्या चिनी मिरीच्या चुलतभावंडाची ओळख करून देते. मावशीने वेंगुर्ल्याहून नवी तिरफळं पाठवलीत.

"किती कव्हर?" तिने हॉटेलच्या भाषेत विचारलं, म्हणजे जेवायला किती जण.

"तीन. नवरा घरीच असतो. पण त्याचं त्याला वाढून घेता येतं, तू खुर्चीवरून हलायचं नाही."

"बघू," ती म्हणाली आणि टॅक्सीला हात केला.